एका मुलीपुरती परीक्षा

टेचिमानच्या टेक्निकल शाळेतले ग्याबाह सर वर्गात क्वचितच सापडायचे. त्यांचं काम गावात असे. दुसऱ्या वर्षाची मुलं आठ आठवड्यांसाठी कुठल्या ना कुठल्या दुकानात कामाला लावायची, कोण कुठे टिकेल ते ओळखायचं आणि दर शुक्रवारी नोंदवह्या तपासून सही करायची. कुठला सुतार तोंडाने फटकळ पण शिकवायला चांगला, कुठली शिंपीण मुलींना मशीनऐवजी भांड्यांपाशी बसवते, कुठल्या वेल्डरकडे काळा चष्मा एकच आहे आणि तोही त्याच्याच डोळ्यांवर असतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. सतरा वर्षांत त्यांनी सहाशेच्या वर मुलं मार्गी लावली. आज लॉरी अड्ड्यावर उभं राहिलं तर दर चौथं दुकान त्यांच्या कुठल्या तरी विद्यार्थ्याचं निघतं.

माणूस गोड. इतका गोड, की कधी कधी चीड यायची. कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं त्यांना गावात कुणी ऐकलं नव्हतं. मुलगा नापास झाला तर त्याच्या घरी जाऊन सांगायचे, "पोरगं आणखी एक वर्ष आमच्याबरोबर राहू म्हणतंय." बायको म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं तर त्यांच्या बाजूनंही मलाच बोलावं लागतं." मोठ्यांना दुखवायचं नाही, वाईट बातमी तोंडावर फेकायची नाही, याला आमच्याकडे वळण म्हणतात. सरांना ते जरुरीपेक्षा जास्त लागलं होतं, आणि त्यातलं निम्मं मास्टर तावियांच्या दुकानात लागलं होतं.

चौदाव्या वर्षी सर तिथे टायर शिकायला राहिले होते. उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या लॉऱ्या आमच्या गावातून जातात, आणि त्या जुन्या लॉऱ्यांची चाकं मोठी अवघड. टायर डिस्कवर चढवला की कडेने एक पोलादी कडं खाचेत ठोकून बसवावं लागतं. ते सगळीकडून नीट बसलं तर ठीक. कुठे जरी अर्धवट राहिलं, तर हवा भरता भरता कडं सुटतं, आणि सुटतं तेव्हा समोर जे असेल ते घेऊन जातं. मास्टर आधी थोडीशीच हवा भरायचे, कंप्रेसर बंद करायचे आणि छोट्या हातोडीने कड्यावर गोल फिरत टकटक करायचे. बसलेलं कडं भरीव वाजतं, न बसलेलं पोकळ. मास्टरांचा कान या कामासाठी पार किंटाम्पोपर्यंत प्रसिद्ध होता.

सोळाव्या वर्षी सरांच्या डोळ्यांदेखत एक कडं सुटलं. कुणाला लागलं नाही, समोरची मातीची भिंत तेवढी गेली. पण त्या दिवसापासून हवेचा पाइप हातात घेतला की पोराचे पाय कापायचे. मास्टरांनी ते पाहिलं, कुणाला काही बोलले नाहीत. एका सकाळी चार माणसं बोलावली, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थोडी श्नॅप्स दारू ओतली आणि म्हणाले, "अन्सुचं डोकं पुस्तकात चालतं. त्याला इथे अडकवून ठेवणं पाप आहे. मी त्याला शाळेसाठी सोडतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगा भित्रा निघाला ही गोष्ट त्या दुकानाबाहेर कधी गेली नाही, आणि अन्सु ग्याबाह शिकून मास्तर झाला. हे उपकार सर विसरले नव्हते, आणि विसरणारही नव्हते.

तर त्या वर्षी ताचिवा नावाची मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची, उंच, बोलायला धीट. बाकीच्या मुली शिवण आणि स्वयंपाक मागत होत्या.

"सर, मला टायरचं काम पाहिजे. मोठ्या टायरचं."

"अगं, त्यात जोर लागतो."

"पहार लांब घेतली की लागत नाही. आणि सर, इथून उत्तरेला मोठ्या टायरची दुकानं किती? दोन. तिसरं माझं होईल."

शाळेच्या भट्टीतली ओतीव भांडी बोटाने वाजवून ही मुलगी सांगायची, याला तडा आहे, याला नाही. बाहेरून काही दिसत नसायचं, पण तिचं बरोबर निघायचं. सरांना वाटलं, असा कान घेऊन दुसरीकडे कुठे जाणार ही? अशी मुलगी आणि असा गुरू, दोघांची गाठ घालून द्यायला मिळते याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

आमच्याकडे मूल कामावर सोपवायचं तर एक रीत असते. श्नॅप्सची बाटली न्यायची, चार माणसांसमोर बोलायचं, मास्टर थोडी जमिनीवर ओततात, झालं. मोठ्या माणसाशी मात्र थेट बोलायचं नसतं. मध्ये एक बोलणारा असतो, आपण त्याला सांगायचं, त्याने मोठ्यांना सांगायचं. मास्टरांचा बोलणारा म्हणजे इसाकू. हा उत्तरेकडचा माणूस सरांच्या मागून दोन वर्षांनी दुकानात आला, आणि तिथेच म्हातारा होत चालला होता.

सर ताचिवाला घेऊन दुकानात गेले तेव्हा हर्माटानच्या वाळवंटी वाऱ्याची धूळ होती, सूर्य पांढुरका दिसत होता. सरांनी मुलीचं नाव, गाव, आईचं नाव सांगितलं. इसाकूने मास्टरांच्या उजव्या कानाशी वाकून, एकेक शब्द सावकाश, पुन्हा सांगितला. मास्टर मोठ्या रुबाबात ऐकत होते. सरांना गंमत वाटली. उतारवयात मास्टर अगदी गावच्या प्रमुखासारखे वागायला लागले, असं त्यांच्या मनात आलं. छपराच्या पत्र्यात ताटलीएवढं भोक होतं, त्यातून उन्हाचा एक गोल मास्टरांच्या खांद्यावर पडला होता.

मास्टर श्नॅप्स ओतायला लागले, आणि नेमका तेव्हाच मागे उभ्या असलेल्या लॉरीने कर्कश भोंगा वाजवला. ताचिवा दचकली, इसाकू दचकला, दुकानातल्या दोन शिकाऊ पोरांनी शिवी दिली. मास्टर मात्र शांतपणे ओतत राहिले, धार तसूभरही हलली नाही. केवढा स्थिर माणूस, सर मनात म्हणाले.

निघताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. पाच वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांनी जाड लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा जोडून मास्टरांना भेट दिला होता. टायर त्यात ठेवून हवा भरावी, कडं सुटलं तरी बाहेर येऊ नये म्हणून. पिंजऱ्यात यामचे कंद रचून ठेवले होते.

"पिंजरा वापरत नाही वाटतं, इसाकू?" सरांनी हळूच विचारलं.

"वापरतो की. उंदीर लागत नाहीत."

सर हसले. पण घरी जाताना त्यांना उगीचच अस्वस्थ वाटत होतं. उपाशीपोटी श्नॅप्सचा घोट घेतल्यामुळे असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शाळेच्या नोंदवहीत रोजच्या रोज एक रकाना भरायचा असतो, 'आज काय शिकले'. मुलं त्यात काहीही खरडतात. ताचिवा नीट लिहायची. पहिल्या आठवड्यात होतं, "पहार कुठे घालायची ते शिकले. इसाकूभाऊ सकाळी म्हणाले, तुला जमणार नाही. दुपारी म्हणाले, जमेल." सरांनी हसत सही केली. दुसऱ्या आठवड्यात होतं, "मास्टरांनी कडं वाजवलं. मी म्हटलं, इथे पोकळ आहे. इसाकूभाऊंनी पुन्हा ठोकून पाहिलं, खरंच पोकळ होतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले."

तिसऱ्या शुक्रवारची नोंद वाचताना सरांच्या हातातलं पेन थांबलं.

"मास्टर कड्यावर हातोडी मारत फिरतात. मी समोर असते. आवाज भरीव आला तर एक बोट वर करायचं. पोकळ आला तर मूठ. हे पूर्वी इसाकूभाऊ करायचे. आता ते रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांना जाऊ शकतात. ते म्हणाले, हे बाहेर सांगायचं नाही. नोंदवही म्हणजे बाहेर नाही, म्हणून लिहिलं."

सरांनी तिला बसायला सांगितलं.

"मास्टर स्वतः ऐकतात ना, ताचिवा?"

"ऐकतात की, सर. माझ्या हाताकडे बघून."

ती हे कौतुकाने सांगत होती. सरांनी पेन खाली ठेवलं.

"तू उभी कुठे असतेस?"

"कड्याच्या समोर, वाकून. बाजूच्या वेल्डरचा आवाज असतो ना, लांबून कळत नाही."

"कान कड्यापासून किती लांब असतो?"

तिने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. वर म्हणाली, "मास्टर म्हणतात, इतक्या वर्षांत असा कान त्यांनी पाहिला नाही."

त्याच दुपारी नमाज सुटल्यावर सरांनी इसाकूला मशिदीच्या भिंतीपाशी गाठलं. तो चप्पल शोधत होता.

"किती वर्षं झाली, इसाकू?"

कशाला, असं त्याने विचारलं नाही. "चार. डावा कान तर त्याच्याही आधीपासून. उजव्याला अजून थोडं ऐकू येतं, पण आपल्या माणसाचा आवाज पाहिजे."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"काय बोलायचं? मास्टर, तुम्ही बहिरे झालात? कुणी बोलायचं, सर? मी? त्यांनी मला राहायला ओसरी दिली. त्यांच्या भाच्याने? मामाचं दुकान भाच्याकडे जातं, तो बोलला तर लोक म्हणतील, वारसाला घाई झाली. तुम्ही बोला. तुम्ही शिकलेले, तुमच्याकडे शब्द जास्त."

"पोरीचा कान कड्यापासून एक वीत असतो रे."

"चार वर्षं माझा होता. तेव्हा कुणी आलं नाही विचारायला." इसाकूने चप्पल पायात सरकवली. "पोरीची काळजी करू नका. ती चुकत नाही. मी दोनदा चुकलो."

"दोनदा?"

"एकदा थोडक्यात वाचलो. दुसऱ्यांदा कडं छपरातून गेलं. ते भोक बघितलं नाहीत तुम्ही?"

सरांना तो खांद्यावरचा उन्हाचा गोल आठवला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, मुलीला परत आणायचं. पण सोपवलेलं मूल मध्येच परत न्यायचं तर त्याचीही रीत आहे. पुन्हा बाटली न्यायची आणि कारण उघड सांगायचं. ते कारण मग त्या दुकानाला चिकटतं. अड्ड्यावरच्या एका खानावळीतून पोट बिघडलं म्हणून मुलगी परत नेली, तर वर्षभर तिथल्या सूपला कुणी शिवलं नाही. मास्टर तावियांना ऐकू येत नाही, असं एकदा म्हटलं गेलं असतं, तर संध्याकाळनंतर एकही लॉरी तिथे थांबली नसती. ज्या माणसाने आपला भित्रेपणा झाकला, त्याचं उणं आपण चव्हाट्यावर मांडायचं, हे सरांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं.

शनिवारी त्यांनी पत्र लिहिलं आणि फाडलं. रविवारी चर्चमध्ये पहिल्या ओळीत मास्टर बसले होते. सगळ्यांच्या मागून अर्धं कडवं उशिरा गात होते, आणि आजूबाजूचे लोक त्यांच्यासाठी हळूहळू गात होते. सगळ्यांना माहीत आहे, सरांच्या लक्षात आलं. सगळं गाव या एका म्हाताऱ्याभोवती चवड्यावर चालतंय, आणि त्या चवड्यावरच्या चालण्यात आपण आपली विद्यार्थिनी नेऊन उभी केली. दुपारी घरी त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने विचारलं तर म्हणाले, सूप जरा तिखट झालंय. तिने सूप चाखून पाहिलं आणि ताट उचललं.

सोमवारी ते दुकानासमोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा ताचिवा कड्यापाशी वाकलेली, डोळे मिटलेले, एक बोट वर. मास्टर त्या बोटाकडे बघत होते. दोन्ही वेळा सर हवा भरून होईपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, आणि मग शाळेत परतले.

मंगळवारी कळलं, की इसाकू किंटाम्पोच्या पुढे एका गाडीसाठी गेलाय, गुरुवारी येईल. सरांना त्या बातमीने हायसं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. इसाकूसमोर खोटं बोलणं अवघड होतं. खरं बोलणं त्याहून अवघड होतं. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ते दुकानात पोचले.

भाचा सुटे भाग आणायला गेला होता. एक टोमॅटोची लॉरी जॅकवर उभी होती, तिचा ड्रायव्हर सावलीत चटईवर घोरत होता. ताचिवा आणि दोन शिकाऊ पोरं मागच्या बाजूला ट्यूब धूत होती. मास्टर बाकावर एकटेच बसले होते. चार माणसं नव्हती, मध्ये बोलणाराही नव्हता. इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाही, असं सरांना वाटलं. ते शेजारी बसले. रात्रभर घोळवलेलं वाक्य त्यांनी हलक्या आवाजात, अगदी आदराने उच्चारलं.

"मास्टर, तुमच्या कानांबद्दल बोलायचं होतं."

मास्टर त्यांच्या ओठांकडे बघत होते. हसले, मान डोलावली. "तब्येत बरी आहे, बरी आहे. गुडघा तेवढा दुखतो."

"मास्टर, कान," सर थोडं मोठ्याने म्हणाले.

"काय म्हणालास, अन्सु?"

ड्रायव्हरने कूस बदलली. शिकाऊ पोरांपैकी एकाने मान वर केली. आणि सरांना समजलं, की ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकू येत नाही हे सांगायचं, तर ओरडूनच सांगावं लागणार. अख्ख्या अड्ड्याला ऐकू जाईल असं. मास्टर आपले वाट बघत होते, एक हात उजव्या कानामागे, चेहऱ्यावर तेच जुनं, पोराला सांभाळून घेणारं हसू. सरांनी तोंड उघडलं.

"परीक्षा!" ते ओरडले. "मास्टर, ताचिवाची परीक्षा आहे! तिला न्यायला आलोय!"

"हां, परीक्षा." मास्टरांचा चेहरा उजळला. "मग ने तिला. शाळा आधी. मी तुलाही तेच सांगितलं होतं." त्यांनी बाटली घेतली, दोन थेंब जमिनीवर सांडले. "झाली की परत पाठव. चांगली पोर आहे. मला हिची सवय झालीय."

ताचिवाने हात धुतले, नोंदवही घेतली. मास्टरांच्या पाया पडल्यासारखी गुडघ्यात वाकली आणि सरांच्या मागोमाग निघाली. पन्नासेक पावलं गेल्यावर तिने विचारलं.

"कसली परीक्षा, सर?"

"आहे एक."

"कुठल्या विषयाची? वर्गात तर कुणाची नाहीये."

"तुझ्यापुरती आहे."

ती आणखी थोडं चालली. "सर, मग आज मास्टरांचं कोण ऐकणार? इसाकूभाऊ उद्या येणार."

"तोवर ते मोठ्या टायरला हात लावणार नाहीत."

"लावतील. टोमॅटोची गाडी उभी आहे, माल सडतोय. ड्रायव्हर सकाळपासून मागे लागलाय. तुम्ही आलात म्हणून आम्ही थांबलो होतो."

"नाही लावणार," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही अशा ठिकाणी. पाय मात्र त्यांनी उचलले. मुलगी बाहेर आली होती, शंभर पावलं लांब आली होती. आपण करायचं ते केलं, आता उद्या इसाकू येईल, मग काय ते बघू, असं ते स्वतःला सांगत होते, आणि त्यांना भयंकर भीती वाटत होती.

कडुनिंबापाशी मागून कंप्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ चालला आणि बंद झाला. मग टकटक सुरू झाली. इतक्या लांबून ती सरांना जेमतेम कळत होती. ताचिवा थांबली. तिने डोळे मिटले.

"भरीव," ती पुटपुटली. तिचं एक बोट वर झालं. "भरीव. भरीव."

मग तिची मूठ वळली. रिकाम्या रस्त्यावर, धुळीत, दुकानाकडे पाठ करून उभी असलेली ती मुलगी मूठ डोक्याच्या वर उंच धरून उभी राहिली, आणि ती मूठ बघायला मास्टर तिथे नव्हते.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "सर, पोकळ आहे." ती वळून धावणार तोच सरांनी तिचं दुसरं मनगट घट्ट पकडलं.

"सोडा, सर. मी सांगून येते. लगेच येते."

"नको."

"सर, मास्टर वाट बघत असतील—"

कंप्रेसर पुन्हा सुरू झाला. सरांनी ओरडायला हवं होतं. पोरं होती, जागा झालेला ड्रायव्हर होता, कुणीतरी ऐकलं असतं. पण त्यांचं सगळं बळ त्या मनगटावर लागलं होतं. त्या सोळाव्या वर्षासारखे त्यांचे पाय कापत होते. मग तो आवाज झाला. कडुनिंबावरचे कावळे एकदम उडाले.

"आता तरी सोडा," ताचिवा म्हणाली. तिच्या मनगटावर सरांची बोटं उमटली होती.

शिकाऊ पोरांना खरचटलंही नाही. मास्टर समोर होते. चार वर्षं इसाकू आणि आता मुलगी जिथे उभी राहायची, त्या जागी ते स्वतः वाकले होते. पोरांनी नंतर सांगितलं, त्यांनी कान कड्याला अगदी लावला होता, बराच वेळ, आणि मग पाइप उचलला.

अंत्यविधीला अर्धं टेचिमान लोटलं, काळे-लाल कपडे घालून. जेवणासाठी पिंजऱ्यातलेच याम काढले गेले. मास्टरांची थोरली बहीण खुर्चीवर बसून एकेकाचे आभार मानत होती. तिचा बोलणारा त्या दिवशी इसाकू होता. सरांची पाळी आली.

"आजी म्हणतात," इसाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवानं त्या दिवशी परीक्षा ठेवली म्हणून एक लेकरू वाचलं. ज्या हातानं तिला बाहेर नेलं, त्या हाताचं भलं होवो." मग तो जवळ आला, वाकला, आणि मास्टरांच्या कानाशी बोलायचा तसा सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, "कसली परीक्षा होती, सर?"

सरांनी आजीकडे पाहून मान लववली. "देवाची कृपा," ते म्हणाले. लोकांनीही माना लववल्या. बायकांच्या रांगेत ताचिवा आईशेजारी उभी होती. तिने मान लववली नाही, ती सरांकडे बघत राहिली.

सोमवारी सर सकाळी लवकर शाळेत गेले. खोटं बोलून ठेवलं होतं, ते निदान खरं तरी करावं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांनी एक पेपर काढला, तीन प्रश्नांचा. शाळेचा शिक्का मारला, वर तारीख बुधवारची घातली, रिकाम्या वर्गात एक बाक पुसला आणि ताचिवाला बोलावून घेतलं. तिने पेपर पाहिला, तारीख पाहिली. बसली.

पहिला प्रश्न होता, 'मोठ्या टायरमध्ये हवा भरण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी?' ताचिवाने त्याचं उत्तर लिहिलं, बाकीचे दोन प्रश्न कोरे ठेवले, पेपर सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

तिने एकच ओळ लिहिली होती. "इसाकूभाऊ उद्या येणार आहेत, तोवर थांबा, असं मास्टरांना ओरडून सांगावं."

सरांनी ती ओळ पुष्कळ वेळा वाचली. शेजारी तिची नोंदवही उघडी होती, 'परत बोलावण्याचं कारण' या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'परीक्षा' असं लिहिलेलं. त्यांनी लाल पेन उचललं, दहापैकी दहा गुण दिले आणि खाली सही केली.